पाठ आहे, पण मुरलंय का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की प्रेम करा असं न सांगणारा धर्म मला अजून सापडायचाय. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरीचशी पत्रं चिडलेली आहेत, काही दुखावलेली, आणि दोन-तीन मला थेट नरकात पाठवणारी. नेहमीप्रमाणे नावं-गावं काढून टाकलीयेत.

प्रश्न: ताई, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. रोज पहाटे उठून तासभर धर्मग्रंथ वाचतात. पुस्तकात खुणेसाठी एक रिबन आहे ती कायम प्रेमाच्या प्रकरणावर असते, ते पान हाताळून हाताळून कडेला काळं पडलंय. आणि पुस्तक मिटून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर त्यांना सांभाळायला येणाऱ्या मुलावर ओरडणं सुरू. चष्मा इथे का ठेवला, पडदा का सरकवला. त्याला नावाने हाक मारत नाहीत, "ए" म्हणतात. तीन वर्षं हेच चाललंय. एकदा मी म्हणालो, बाबा आत्ता काय वाचत होतात, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला आता त्या पुस्तकाचाच राग यायला लागलाय. हे ढोंग नाही तर काय?

उत्तर: धर्म कुठला ते लिहिलं नाहीस, बरं केलंस. पत्र वाचताना मी चार वेगवेगळ्या धर्मांची माणसं त्या खुर्चीत बसवून पाहिली आणि चारही अगदी चपखल बसली.

ढोंग म्हणशील तर मला नाही वाटत. ढोंगाला प्रेक्षक लागतो, आणि पहाटे सगळं घर झोपलेलं असताना तुझे बाबा कुणाला दाखवणार? मला वाटतं वाचताना त्यांना खरंच भरून येत असणार, आणि घोळ नेमका तिथेच आहे, कारण प्रेमाबद्दल वाचून गळा दाटला की आपण प्रेम केलं असंच वाटतं, त्या दिवसाचा कोटा पूर्ण झाल्यासारखं. मग पुस्तक मिटल्यावर समोर उभा असलेला माणूस त्या हिशोबात येतच नाही.

याच्यावर एक भारी प्रयोग झालेला आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजातले ४० विद्यार्थी घेतले, म्हणजे पुढे धर्मगुरू वगैरे होणारी मुलं. त्यांना सांगितलं की पलीकडच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. काहींना विषय दिला नोकऱ्यांचा, आणि काहींना दिली बायबलमधली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट, तीच ती, लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला बघून याजक आणि लेवी (देवळातला सेवक) बाजूने निघून जातात आणि ज्याच्या जमातीचं नाव घ्यायलाही लोकांना आवडत नव्हतं असा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर घालून नेतो. आता गंमत बघ. वाटेत एका दारापाशी एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता. ४० पैकी १६ जणांनी काही ना काही मदत केली. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यातले ४५ टक्के, आणि ज्यांना म्हटलं की "अरे तुला उशीर झालाय, ते वाट बघतायत" त्यातले फक्त १० टक्के. भाषण कशावर होतं याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे डोक्यात शोमरोन्याचं भाषण जुळवत जुळवत काही जण त्या माणसाला ओलांडून पुढे गेले!

ही मुलं वाईट होती का? मुळीच नाही, पोचल्यावर त्यातली बरीच अस्वस्थ होती असं प्रयोग करणाऱ्यांनीच नोंदवलंय. शिकवण त्यांना पाठ होती, फक्त ती पायात उतरली नव्हती. आणि दुसऱ्याला हसायला जायला नको, हे उत्तर लिहिताना माझीही बेल वाजली होती. शेजारच्या काकू असणार हे मला माहीत होतं, त्यांना मोबाईलमधलं काहीतरी करून हवं असतं, आणि संपादकांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता म्हणून मी श्वास रोखून गप्प बसून राहिले. प्रेमावर लिहायचं होतं ना मला.

आता तू काय करायचंस. ग्रंथातलं वाक्य त्यांच्या तोंडावर मारू नकोस, ते एकदा करून पाहिलंस, दोन दिवस अबोला मिळाला. आणि रागावू नकोस पण एक सांगते. मी नावं काढून टाकते हे खरं आहे, पण तुझ्या पत्रात बाबांचं नाव होतं, तुझं होतं, त्या मुलाचं नाव काढायची वेळच आली नाही कारण ते तू लिहिलंच नव्हतंस. तीन वर्षं रोज घरात येणारा माणूस. तेव्हा सुरुवात तिथून कर, बाबांसमोर त्याला नावाने हाक मार, दिवसातून दहा वेळा मार, त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का बघ, नसेल तर दे, आणि त्या दिवशी चष्मा तू ठेव. बाबा ७४ व्या वर्षी बदलतील का याची गॅरंटी नाही. पण ओरडण्याबद्दल बोलायचंच असेल तर ते पुस्तकाचा विषय न काढता बोल, सरळ "त्याच्याशी असं बोलायचं नाही" एवढंच. पुस्तकाने तुझं काही बिघडवलेलं नाही रे.

प्रश्न: एका शब्दात उत्तर द्या. धार्मिक माणसं नास्तिकांपेक्षा जास्त प्रेमळ असतात की नाही?

उत्तर: एका शब्दात नाही जमणार.

लोकांना फॉर्म देऊन विचारलं तर नियमित प्रार्थनेला जाणारे सांगतात की आम्ही दान जास्त करतो, सेवाकार्याला जास्त वेळ देतो, आणि त्यात तथ्य आहेही बऱ्यापैकी, कारण जिथे दर आठवड्याला चार माणसं भेटतात आणि दानाचा डबा फिरतो तिथे पैसे निघतात. पण फॉर्म बाजूला ठेवून माणूस प्रत्यक्ष काय करतो ते गुपचूप बघितलं की हे अंतर बरंच कमी होतं. २०१० साली दीपक मल्होत्रा यांचा एक अभ्यास आला होता, ऑनलाईन लिलावात धर्मादाय कामासाठी बोली वाढवा असं आवाहन केल्यावर कोण प्रतिसाद देतं असा. देवळा-चर्चला जाणारे पुढे होते, पण फक्त ज्या दिवशी ते जाऊन आले त्याच दिवशी. बाकीचे दिवस त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक नाही. मला हे वाचून वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, की निदान त्या दिवशी तरी उतरतं काहीतरी. नास्तिकांना यात खूश व्हायचं असेल तर व्हा, पण तुमचा तर तो एक दिवसही नाहीये.

प्रश्न: ज्या धर्मांनी प्रेम शिकवलं म्हणता त्यांनीच गुलामगिरी चालवली, कत्तली केल्या. मग ही शिकवण काय चाटायचीये? शिकवण नसती तरी एवढंच झालं असतं ना?

उत्तर: पहिला अर्धा प्रश्न शंभर टक्के मान्य. यात पांघरूण घालण्यासारखं काही नाही.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास. त्यात जुन्या कराराचा जवळजवळ ९० टक्के भाग आणि नव्या कराराचा अर्धा भाग काढून टाकलेला होता. काय काढलं? इस्राएल लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर पडतात ती गोष्ट. दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही हे वाक्य. आणि दासांनो धन्याच्या आज्ञेत राहा, हे ठेवलं. मी या पुस्तकाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा घृणा वाटली, नंतर जरा विचार केल्यावर वेगळंच डोक्यात आलं. कात्री चालवणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं की ही शिकवण धोकादायक आहे. निरुपयोगी असती तर एवढा उपद्व्याप कोण करेल? पूर्ण पुस्तक हातात पडलं तर गुलाम काय वाचेल ते त्याला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांपेक्षा जास्त नीट कळलं होतं.

आता दुसरा अर्धा, शिकवण नसती तरी एवढंच झालं असतं का. यावर मला क्वेकर लोकांची हकीकत सांगायचीये कारण ती अजिबात गोड नाही. हा एक ख्रिस्ती पंथ, प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे असं मानणारा, शस्त्र न धरणारा. आणि यांच्यातले कित्येक जण अमेरिकेत गुलाम बाळगून होते. १६८८ साली जर्मनटाउनमधल्या चौघांनी आपल्याच सभेला लेखी विचारलं की लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण वागावं ना, मग हे काय चाललंय. सभेने काय केलं, तर विषय फार मोठा आहे म्हणून वरच्या सभेकडे पाठवला, तिने आणखी वर, आणि तिथे तो पडून राहिला. ओळखीचं वाटतंय ना? फाईल सरकवण्याला धर्म नसतो.

मग ५० वर्षांनी, १७३८ मध्ये, बेंजामिन ले नावाचा माणूस उभा राहिला. जेमतेम चार फूट उंची, पाठीला कुबड, आधीचा खलाशी, बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिलेला. क्वेकरांची मोठी वार्षिक सभा भरली होती, सगळे शांत बसलेले, त्यांच्यात शांत बसण्यालाच प्रार्थना म्हणतात. याने अंगावरचा झगा टाकला तर आत सैनिकी कोट आणि तलवार, आणि हातात आतून पोकळ केलेलं एक पुस्तक, त्यात लाल फळांच्या रसाने भरलेली पिशवी लपवलेली. जो दुसऱ्याला गुलाम करतो त्याचं रक्त देव असं सांडेल अशा अर्थाचं काहीतरी ओरडून त्याने पुस्तकात तलवार खुपसली, आणि आसपासच्या सभ्य लोकांच्या कपड्यांवर लाल शिंतोडे. उचलून बाहेर टाकला त्याला. पंथातूनही काढला. तरी हा जात राहिला, परत परत, वीस वर्षं. दुसरीकडे जॉन वुलमन नावाचा एक मवाळ माणूस होता, तो गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी जाऊन बसून हळू आवाजात समजवायचा. अखेर १७५८ मध्ये सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांवर कारवाई करायचं ठरवलं. ले पुढच्या वर्षी गेला. आणि गुलाम ठेवायचाच नाही असा नियम व्हायला १७७६ उजाडलं. चौघांच्या त्या कागदापासून ८८ वर्षं!

८८ वर्षं म्हणजे लाज वाटावी इतका उशीर, त्या काळात जे गुलाम म्हणूनच जन्मले आणि मेले त्यांच्यासाठी तर काहीच झालं नाही. पण हेही बघा की ले आणि वुलमन यांना बाहेरून कुठलं नवीन तत्त्वज्ञान आणावं लागलं नाही, "तुमचंच तुम्ही म्हणताय ते करा" एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते म्हणता आलं कारण ते आधी लिहिलेलं होतं. म्हणून माझं मत असं की शिकवण आपोआप कुणाला चांगलं करत नाही, पण भांडायला जागा देते. ज्या धर्मात असा कटकट्या माणूस उरत नाही, किंवा उरू देत नाहीत, तिथे मात्र तुमचं म्हणणं बरोबर, शिकवण भिंतीवरच राहते.

हे एकाच धर्माचं आहे असं कुणी समजू नका. म्यानमारमध्ये २००७ साली भिक्खू हजारोंनी रस्त्यावर उतरले होते, लष्करी राजवटीसमोर मेत्ता सुत्त म्हणत, ज्यात सांगितलंय की आई एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते तसं मन सगळ्या प्राणिमात्रांबद्दल ठेवावं. आणि त्याच देशात काही वर्षांतच काही भिक्खू मुसलमानांविरुद्ध विष ओकणारी भाषणं देत फिरत होते. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि तिथेच मारले गेले, न्यांगे गावात तर आत सुमारे दीड हजार माणसं असताना चर्च बुलडोझरने पाडलं आणि त्या चर्चच्या धर्मगुरूला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. त्याच महिन्यात, त्याच देशात, गिसेन्यीला फेलिसिते नियितेगेका नावाच्या धर्मभगिनीने आसरा दिलेल्या लोकांना सोडायला नकार दिला. तिचा भाऊ सैन्यात मोठा अधिकारी होता, त्याने निरोप पाठवला होता की तू निघ तिथून. ती नाही निघाली. त्या लोकांबरोबर तीही मारली गेली. दोघांचा पंथ एक, पुस्तक एक. याचं सोपं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापासून मी जरा लांबच राहते.

प्रश्न: शत्रूवर प्रेम करा वगैरे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात कुणी केलंय का? संतांच्या चमत्काराच्या गोष्टी नकोत.

उत्तर: चमत्कार नाही, नोंदी असलेलं सांगते.

१५६९, नेदरलँड्स, आस्पेरेन गाव. डर्क विलेम्स नावाचा माणूस मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून कैदेत होता. चिंध्यांना गाठी मारून दोर केला आणि खिडकीतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून पार गेला, कैदेत उपाशी राहून हलका झाला होता म्हणून बर्फ तुटला नाही. मागे धावणारा शिपाई जड होता, तो बर्फ फुटून आत पडला. विलेम्स मागे वळला, त्याला ओढून काढलं. आणि पकडला गेला. १६ मे रोजी त्याला जिवंत जाळलं. जाळणारेही त्याच येशूला मानणारे होते हे वेगळं सांगायला नको.

अब्दुल कादिर हा अल्जीरियाचा, ख्रिस्ती फ्रेंचांशी पंधराएक वर्षं लढलेला, हरलेला, कैदेत राहिलेला मुसलमान सरदार. १८६० मध्ये दमास्कसला ख्रिस्त्यांची कत्तल सुरू झाली तेव्हा याने आपली माणसं घेऊन रस्त्यावर उतरून हजारो ख्रिस्ती लोकांना वाचवलं, स्वतःच्या वाड्यात ठेवलं. सूड घ्यायला याच्याइतकं कारण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

आणि अगदी अलीकडचं, २ ऑक्टोबर २००६, अमेरिकेत निकेल माइन्सच्या आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) शाळेत एकाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच गेल्या, त्यानेही स्वतःला संपवलं. आमिश शेजारी त्याच दिवशी त्या मारेकऱ्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोला भेटायला. त्याच्या दफनाला आलेल्यांत आमिश मोठ्या संख्येने होते. यावर तेव्हाही लोक चिडले होते, एवढ्या लवकर माफ करणं बरोबर आहे का म्हणून, आणि मला तो राग समजतो. मला स्वतःला पसायदानातलं मागणं जास्त झेपतं, त्यात खळ नाहीसे व्हावेत असं नाही, त्यांची व्यंकटी सांडो असं आहे, म्हणजे माणूस राहू दे, वाकडेपणा तेवढा गळू दे. गळेपर्यंत चार हात लांब राहायला त्यात बंदी नाही.

प्रश्न: माझा नवरा मारतो. आमच्या प्रार्थना गटातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणतात, प्रेम सगळं सहन करतं, तू क्षमा कर, तो बदलेल. मी नऊ वर्षं क्षमा करतेय. माझं प्रेम कमी पडतंय का?

उत्तर: नाही. तुमचं काहीही कमी पडत नाहीये.

शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर असं जिथे म्हटलंय तिथे "स्वतःसारखं" हा शब्द आहे, आणि तो तुम्हाला नऊ वर्षांत कुणी वाचून दाखवलेला दिसत नाही. त्या बाईंना विचारा की हेच प्रवचन त्यांनी तुमच्या नवऱ्याला किती वेळा दिलं. प्रेमाची शिकवण ज्याचा हात उठतो त्याला न सांगता फक्त जिला लागतं तिलाच सांगायची, तर ती कात्री चालवलेल्या त्या पुस्तकासारखीच झाली. आधी सुरक्षित जागी जा, माहेर असो, मैत्रीण असो, महिलांसाठीची हेल्पलाईन असो, जे सगळ्यात जवळ असेल ते. कागदपत्रं आणि थोडे पैसे एका जागी काढून ठेवा. क्षमेचं काय ते नंतर बघता येईल, आणि नाही बघितलं तरी चालेल. वेगळं उत्तर पाठवलंय, ते बघा.

प्रश्न: तुम्ही देव मानत नाही हे स्पष्ट दिसतं. मग आमच्या धर्माबद्दल बोलायचा अधिकार कुणी दिला? नरकात जाल.

उत्तर: तुम्ही कुठल्या धर्माचे ते पत्रावरून ओळखता आलं नाही हो. प्रेमावरचाच विषय चालला होता म्हणून म्हटलं.

प्रश्न: ताई मी १९ वर्षांची आहे. देव आहे असं मला आता वाटत नाही, पण दर आठवड्याच्या प्रार्थनेला मी अजून जाते, कारण आई आजारी होती तेव्हा तिथल्या लोकांनी पाळ्या लावून दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. संपल्यावर खुर्च्या आवरायला थांबते आणि मग घरी येते. प्रार्थना म्हणताना नुसते ओठ हलवते. हे ढोंग आहे का? बंद करू का?

उत्तर: ओठांचं तू आणि तो आहे की नाही तो देव बघून घ्या, मी मध्ये पडत नाही. पाळी लावून रात्र काढणाऱ्यांपैकी कुणी अजून तुला विचारलं नसेल की तू मानतेस का, आणि विचारलंच तर खरं सांग, बहुतेक जण म्हणतील बरं, ती पलीकडची खुर्ची धर.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा, आणि हाताने लिहिणाऱ्यांनी कृपा करून अक्षर जरा मोठं काढा. काकूंचा मोबाईल मी संध्याकाळी जाऊन बघून आले, तोवर त्यांनी तो वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून करून घेतला होता.